ऑफिसची अ‍ॅप्स स्वतःच्या फोनवर घेताना

नोकरीचा पहिला दिवस. आयकार्डसाठी फोटो काढून होतो न होतो तोच एचआरचा निरोप येतो: आउटलूक, टीम्स, ऑथेंटिकेटर आणि कंपनी पोर्टल आजच्या आज फोनवर घ्या. बहुतेक जण प्ले स्टोअर उघडून यादीतल्या क्रमाने धडाधड डाउनलोड करत सुटतात आणि तासाभरात आयटीच्या टेबलापाशी रांग लागते. मी त्या टेबलाच्या पलीकडे बसतो. माझ्या अनुभवात दहातल्या आठ जणांचं अडतं ते क्रम चुकल्यामुळे. आधी ऑथेंटिकेटर (लॉगिन करणारे तुम्हीच आहात हे फोनवरून पटवणारं अ‍ॅप), मग कंपनी पोर्टल (फोन कंपनीच्या यंत्रणेला जोडणारं अ‍ॅप), आणि बाकी सगळं त्यानंतर.

इथे मेल-मीटिंगसाठी मायक्रोसॉफ्ट ३६५ वापरणारी कंपनी आणि तुमचा स्वतःचा अँड्रॉइड फोन धरून सांगतो, कारण आमच्याकडे येणारे बहुतेक जण याच गटातले.

सुरू करण्याआधी

फोनमध्ये किमान तीन-चार जीबी जागा मोकळी हवी. आमच्या स्टोअर्स विभागातल्या एका काकांच्या फोनवर काहीच इन्स्टॉल होईना. बघतो तर व्हॉट्सअ‍ॅपवर आलेले सुप्रभात आणि चतुर्थीचे फोटो, तब्बल नऊ जीबी! अँड्रॉइड १० पेक्षा जुना फोन असेल तर खटपट न करता आयटीला आधीच सांगा. स्क्रीन लॉक नुसता पॅटर्नचा असेल तर सहा आकडी पिन करून ठेवा, पुढे तो मागितला जाण्याची शक्यता मोठी आहे. वायफाय आणि निम्मं तरी चार्जिंग हवं.

आणखी एक. अ‍ॅप फक्त प्ले स्टोअरवरूनच घ्यायचं. 'एचआर'च्या नावाने व्हॉट्सअ‍ॅपवर एपीके फाइल (प्ले स्टोअरबाहेरून अ‍ॅप इन्स्टॉल करणारी फाइल) आली तर ती उघडू नका. लग्नपत्रिका आणि वाहनाच्या चलनाच्या नावाने अशाच फायली पाठवून लोकांची खाती रिकामी केली गेली आहेत.

पहिली पायरी: ऑथेंटिकेटर

लॅपटॉपवर कंपनीच्या खात्यात लॉगिन करा आणि 'सिक्युरिटी इन्फो'च्या पानावर जाऊन ऑथेंटिकेटर जोडायचा पर्याय निवडा. स्क्रीनवर क्यूआर कोड येईल. आता फोनवर प्ले स्टोअरवरून मायक्रोसॉफ्ट ऑथेंटिकेटर घेऊन उघडा, अधिकच्या चिन्हावर टॅप करा, 'वर्क ऑर स्कूल अकाउंट' निवडा आणि तिथूनच कोड स्कॅन करा. 'तिथूनच' हे मुद्दाम सांगतोय. हात सवयीने पेमेंटच्या अ‍ॅपकडे जातो, लोक तिथून स्कॅन करतात आणि मग 'कोड चालत नाही' म्हणून येतात. कोड थोड्या वेळाने शिळा होतो, तेव्हा मध्ये चहाला गेलात तर परत आल्यावर नवा कोड काढा. लॅपटॉप अजून मिळालाच नसेल तर तेच पान फोनच्या ब्राउझरमध्ये उघडा. तिथे कोडऐवजी खातं थेट अ‍ॅपशी जोडणारी लिंक दिसते.

यापुढे लॉगिन करताना लॅपटॉपवर दोन आकडी संख्या दिसेल, ती फोनवर टाइप करायची. पूर्वी नुसतं 'अप्रूव्ह' दाबलं की भागायचं. लोक झोपेतही दाबायचे, आणि पासवर्ड चोरणाऱ्याला तेवढंच हवं असायचं. मे २०२३ पासून मायक्रोसॉफ्टने संख्या टाकणं सक्तीचं केलं. तुम्ही लॉगिन करत नसताना अशी विचारणा आली तर नकार द्या आणि लगेच आयटीला फोन करा. ती संख्या फोनवर कोणी विचारत असेल तर तो आयटीवाला नाही.

दुसरी पायरी: कंपनी पोर्टल आणि वर्क प्रोफाइल

आता प्ले स्टोअरवरून इंट्यून कंपनी पोर्टल घ्या, एचआरच्या यादीतलं कंपनी पोर्टल ते हेच. खाली कंपनीचं नाव मायक्रोसॉफ्ट कॉर्पोरेशन आहे ना, एवढं बघा. ऑफिसच्या मेल आयडीने लॉगिन केलं की ते 'वर्क प्रोफाइल' तयार करायची परवानगी मागतं. इथे पुष्कळांचा अंगठा थबकतो, आणि थबकावाच. मंजूर करताय ते काय, ते समजून घ्या.

वर्क प्रोफाइल म्हणजे एकाच घराला काढलेली वेगळ्या दाराची खोली. त्या खोलीतल्या अ‍ॅपच्या चिन्हावर छोटी ब्रीफकेस दिसते. ऑफिसची सत्ता त्या खोलीपुरती. माझ्या स्क्रीनवर तुमच्या फोनचं मॉडेल, अँड्रॉइडची आवृत्ती आणि ऑफिसच्या बाजूची अ‍ॅप्स दिसतात. तुमचे फोटो, कॉल, मेसेज किंवा घरच्या ब्राउझरमध्ये काय बघता ते दिसत नाही. फोन हरवला तर मी तुमच्या फोनमधली ऑफिसची खोली रिकामी करतो, लेकराच्या बारशाचे फोटो जागेवर राहतात.

मात्र परवानगीच्या पानावर वर्क प्रोफाइलऐवजी 'डिव्हाइस अ‍ॅडमिन' आणि त्याखाली 'इरेज ऑल डेटा' असं दिसलं, तर थांबा. ही जुनी पद्धत आहे आणि तिच्यात अख्खा फोन पुसायचा अधिकार जातो. स्वतःच्या फोनवर मी तो कोणाला देणार नाही. आयटीला दुसरा मार्ग विचारा.

प्रोफाइल तयार व्हायला काही मिनिटं लागतात. अधूनमधून स्क्रीन स्तब्ध वाटते, मागे जायचं बटण दाबू नका. सॅमसंगचं सिक्युअर फोल्डर किंवा शाओमीचं सेकंड स्पेस चालू असेल तर इथे अडू शकतं.

तिसरी पायरी: आउटलूक, टीम्स आणि बाकीची

अ‍ॅप्सच्या यादीत आता 'पर्सनल' आणि 'वर्क' असे दोन टॅब दिसतील. 'वर्क'मध्ये ब्रीफकेसवालं प्ले स्टोअर आहे, आउटलूक आणि टीम्स तिथूनच घ्यायचे. आधीच साध्या प्ले स्टोअरवरून घेतलेला आउटलूक काढून टाका. नाहीतर तुम्ही सवयीने त्याच चिन्हावर टॅप कराल, तो पुन्हा पुन्हा लॉगिन मागेल आणि शिव्या आम्हाला बसतील.

आउटलूकमधला मजकूर कॉपी करून घरच्या व्हॉट्सअ‍ॅपवर पेस्ट करायला गेलात की कंपनीचा डेटा इथे पेस्ट करता येणार नाही, असा इंग्रजी संदेश येतो. हा बिघाड नाही, मुद्दाम घातलेली अट आहे.

हजेरीचं अ‍ॅप असेल तर लोकेशनची परवानगी 'अ‍ॅप वापरत असतानाच' एवढीच द्या. सेल्फी काढून हजेरी लावायला चोवीस तास ठावठिकाणा लागत नाही.

नोटिफिकेशन येत नाही?

फोन बॅटरी वाचवायला मागची अ‍ॅप्स बंद करतो. सेटिंग्जमध्ये अ‍ॅप्सच्या यादीत 'वर्क' टॅबवर जा आणि टीम्स व आउटलूकची बॅटरी 'अनरिस्ट्रिक्टेड' करा. शाओमीवर शिवाय 'ऑटोस्टार्ट' चालू करावं लागतं, सॅमसंगवर 'नेव्हर स्लीपिंग अ‍ॅप्स'मध्ये नाव घालावं लागतं. मग शेजारच्या सहकाऱ्याला एक मेसेज पाठवायला सांगा, स्क्रीन बंद ठेवून.

संध्याकाळी घरी गेल्यावर वरून पट्टी खाली ओढून 'वर्क अ‍ॅप्स' बंद करा. चिन्हं करडी पडतात आणि सकाळी चालू करेपर्यंत आवाज येत नाही. ही सोय आहे हे निम्म्यांना ठाऊकच नसतं, आणि साहेब ती आपणहून सांगत नाहीत.

आयफोनवाल्यांसाठी

ब्रीफकेस नाही, पण क्रम तोच. पोर्टलने डाउनलोड केलेलं प्रोफाइल (इथे म्हणजे कंपनीच्या सेटिंग्जची फाइल) सेटिंग्जमध्ये जाऊन लगेच इन्स्टॉल करा. आठ मिनिटांत केलं नाही तर ते आपोआप पुसलं जातं.

फोन बदलताना, नोकरी सोडताना

नवा फोन घेतला की आधी त्यावर ऑथेंटिकेटर जोडा, लॉगिन करून बघा, आणि मगच जुना हातावेगळा करा. बॅकअप असला तरी ऑफिसच्या खात्यात नव्याने लॉगिन करावंच लागतं. मी स्वतः एकदा जुना फोन एक्सचेंजमध्ये देऊन बसलो आणि दुसऱ्या दिवशी माझ्याच ज्युनिअरकडे टेम्पररी अ‍ॅक्सेस पास, म्हणजे लॉगिनचा तात्पुरता कोड, मागायला उभा राहिलो. त्याने मला आधी आयकार्ड दाखवायला लावलं. बरोबरच केलं.

नोकरी सोडताना वर्क प्रोफाइल सेटिंग्जमधल्या अकाउंट्समधून काढता येतं, त्याच्या आतलं सगळं त्याबरोबर जातं. पगाराच्या स्लिपा ऑफिसच्या मेलमध्येच पडलेल्या असतील तर शेवटच्या आठवड्यातच एचआरकडून घरच्या मेलवर मागवून घ्या, आणि फॉर्म १६ कुठे पाठवायचा तेही त्यांना तेव्हाच सांगून ठेवा.