दुबईच्या इमारतींवरील नक्षी कॅमेऱ्यात कशी टिपावी

दुबईत कॅमेरा घेऊन उतरलेल्या माणसाची नजर आधी 828 मीटर उंचीच्या बुर्ज खलिफाकडे जाते. मला मात्र हे शहर त्याच्या भिंतींवर पुन्हा पुन्हा येणाऱ्या जाळ्या, कमानी, भोके आणि सज्जे यांत अधिक चांगले उमगते. यांतील बरीचशी नक्षी ऊन अडवण्याच्या गरजेतून आलेली आहे. म्हणून कॅमेरा डोळ्याला लावण्याआधी ही नक्षी सावली कुठे आणि केव्हा पाडते, हे पाहून ठेवावे.

बिझनेस बे भागातील ‘ओ-14’ ही इमारत या अभ्यासासाठी उत्तम आहे. तिच्या पांढऱ्या काँक्रीटच्या कवचाला 1,300 हून अधिक गोलसर भोके आहेत. कवच आणि आतली काच यांच्यामध्ये सुमारे एक मीटर पोकळी असून तापलेली हवा तिच्यातून वर निघून जाते. ऊन समोरून पडत असताना ही भोके कागदावरच्या ठिपक्यांसारखी सपाट दिसतात. तेच ऊन भिंतीला जवळजवळ घासून जाऊ लागले की प्रत्येक भोकाच्या कडेची जाडी उजळते, आतल्या काचेवर कवडसे उतरतात आणि दोन थरांमधले अंतर चित्रात जाणवू लागते. त्या वेळेची वाट पाहावी. इमारतीच्या कडा चौकटीबाहेर ठेवाव्यात, पण आतली एखादी खिडकी किंवा दिवा राहू द्यावा, म्हणजे भोकाच्या आकाराचा अंदाज येतो.

जूनच्या मध्यान्ही येथे सूर्य क्षितिजापासून सुमारे 88 अंशांवर, म्हणजे जवळपास डोक्यावर असतो, तर डिसेंबरमध्ये तो 41 अंशांच्या आसपासच चढतो. त्यामुळे उन्हाळ्यातली दुपार छायाचित्रणास निरुपयोगी, हा समज भिंतींच्या बाबतीत खरा नाही. सज्जांच्या लांब सावल्या तेव्हाच खाली ओघळतात. उकाडा मात्र जीवघेणा असतो, म्हणून जागा आधी हेरून ठेवावी आणि काम थोडक्यात आटोपावे.

खाडीकाठच्या अल फहिदी वस्तीत वेगळी सवय लागते. इराणमधील बस्तक येथून आलेल्या व्यापाऱ्यांनी वसवलेल्या या घरांवर ‘बरजील’ म्हणजे वारा खाली खेचणारे मनोरे आहेत. गल्ल्या अरुंद असल्याने मागे सरकायला जागा नसते. तेव्हा संपूर्ण मनोरा पकडण्याचा हट्ट सोडून त्याच्या उभ्या खाचा आणि भिंतीतून बाहेर डोकावणारी लाकडे एवढेच टिपावे. फिकट गिलाव्यामुळे कॅमेरा फसतो आणि चित्र मळकट येते, यासाठी एक्स्पोजर, म्हणजे कॅमेऱ्यात शिरणारा प्रकाश, अर्ध्या ते एका स्टॉपने वाढवावे (एक स्टॉप म्हणजे दुप्पट प्रकाश). चकाकत्या पोलादी किंवा काचेच्या भिंतीसमोर याउलट करावे.

नक्षी सरळ यावी यासाठी सेन्सर, म्हणजे कॅमेऱ्यातला चित्र टिपणारा पृष्ठभाग, भिंतीला समांतर हवा. खालून कॅमेरा वर उचलला की उभ्या रेषा एकमेकींकडे झुकतात, म्हणून रस्त्याच्या पलीकडून किंवा समोरच्या इमारतीच्या वरच्या मजल्यावरून 70-200 मिमी झूम लेन्सने चित्र घ्यावे आणि लेन्सचे छिद्र (ॲपर्चर) एफ/8 च्या आसपास ठेवावे. वातानुकूलित जागेतून दमट हवेत आल्यावर लेन्सवर बाष्प धरते. कॅमेरा अर्धा तास बॅगेतच राहू द्यावा आणि धुळीत लेन्स बदलू नये.

बदलत्या शहराची नोंद हा या कामाचा मला सर्वांत मोलाचा वाटणारा भाग आहे. 1979 साली शेख झायेद मार्गाच्या टोकाशी वर्ल्ड ट्रेड सेंटरचा 39 मजली मनोरा उभा राहिला, तेव्हा भोवती बहुतांश वाळू होती. आज तो उंच इमारतींच्या गर्दीत आहे. त्याच्या दर्शनी भागाची नुसती जवळून घेतलेली चौकट हा बदल सांगू शकत नाही. म्हणून प्रत्येक नक्षीची दोन चित्रे घ्यावीत, एक जवळून आणि एक परिसरासह, आणि तारीख, वेळ, उभे राहण्याची जागा व लेन्सची मिमीमधली फोकल लांबी लिहून ठेवावी, म्हणजे पुढील वर्षी त्याच जागेवरून तीच चौकट पुन्हा घेता येईल. करामासारख्या जुन्या, भारतीय वस्तीच्या भागातील सज्जे टिपताना घरातली माणसे चौकटीत येत असतील तर आधी परवानगी घ्यावी. सरकारी व लष्करी इमारती टाळाव्यात आणि ड्रोन परवान्याशिवाय उडवू नये.