मायक्रोसर्व्हिसेस एका रेपोत आणा, डिप्लॉय मात्र वेगवेगळे ठेवा

इंदूरच्या छप्पन दुकान आणि सराफ्यातून खाणं मागवायचं ॲप आहे असं धरू. ऑर्डर, पेमेंट, डिलिव्हरी आणि नोटिफिकेशन या चार सर्व्हिसेस (ॲपचे स्वतंत्रपणे चालणारे भाग, म्हणजेच मायक्रोसर्व्हिसेस), प्रत्येकीचा रेपो, म्हणजे गिटमधला कोडसाठा, वेगळा. ऑर्डरमध्ये एक फील्ड वाढवायचं तर चार पुल रिक्वेस्ट (बदल मुख्य कोडमध्ये घेण्याच्या विनंत्या), आणि त्या कोणत्या क्रमाने मर्ज करायच्या यावर चर्चा. लहान टीमने अशा वेळी एकच रेपो करावा.

फाइली नुसत्या कॉपी करू नका, जुना इतिहास हातचा जातो. प्रत्येक रेपोचा ताजा क्लोन घ्या. त्यावर गिट फिल्टर-रेपो हे इतिहास नव्याने लिहिणारं साधन 'टू-सबडिरेक्टरी-फिल्टर' पर्यायासह चालवा, म्हणजे सगळे कमिट (बदलांच्या नोंदी) 'सर्व्हिसेस/ऑर्डर' अशा फोल्डरखाली जातात. त्याच वेळी टॅगना (कमिटला दिलेल्या नावांना) 'ऑर्डर-' असा उपसर्ग लावा, नाहीतर चारही रेपोंमधले 'व्ही १.०' एकमेकांशी भिडतील. मग नव्या रेपोत तो क्लोन रिमोट म्हणून जोडा, फेच करा आणि 'अलाउ-अनरिलेटेड-हिस्टरीज' देऊन मर्ज करा. कमिटचे हॅश (ओळख-क्रमांक) बदलतात, त्यामुळे जुन्या तिकिटांमधल्या लिंक जुन्या रेपोकडेच जाणार. म्हणून जुने रेपो पुसू नका, आर्काइव्ह करा.

खरं काम सीआयमध्ये, म्हणजे प्रत्येक बदल आपोआप बिल्ड आणि टेस्ट करणाऱ्या यंत्रणेत आहे. प्रत्येक पुल रिक्वेस्टला चारही सर्व्हिसेस बिल्ड व्हायला लागल्या की लोक महिन्याभरात कंटाळतात. काय बदललं ते गिट डिफने काढा, पण मेन (मुख्य शाखा) आणि आपली ब्रँच यांच्यामध्ये तीन टिंबं द्या. दोन दिली तर ब्रँच काढल्यानंतर मेनवर आलेले इतरांचे बदलही त्यात दिसतात. गिटहब ॲक्शन्स या सीआय सेवेचं चेकआउट मुळात एकच कमिट आणतं आणि मग तुलनेला काही उरत नाही. 'फेच-डेप्थ' ० ठेवा. 'लिब्स' (सामायिक कोड) किंवा 'प्रोटो' (सर्व्हिसेसमधल्या संदेशांचे आराखडे) फोल्डर बदललं तर ते वापरणाऱ्या सगळ्या सर्व्हिसेसच्या टेस्ट चालल्याच पाहिजेत. चार सर्व्हिसेससाठी ही यादी हाताने लिहिलेली पुरते. बेझेलसारखं बिल्डचं साधन आणायची घाई नको, ते सांभाळायला माणूस लागतो.

इथे बरेच जण एका ठिकाणी अडकतात. वर्कफ्लोवर (सीआयच्या कामांच्या साखळीवर) पाथ फिल्टर, म्हणजे ठरावीक फोल्डर बदललं तरच चालायची अट, लावला आणि तोच चेक मर्जसाठी सक्तीचा ठेवला, तर न चाललेला चेक 'पेंडिंग' राहतो आणि मर्ज होतच नाही. वर्कफ्लो नेहमी सुरू होऊ द्या आणि आतल्या जॉबला 'इफ' अट लावा. अट न जुळल्याने वगळलेला जॉब यशस्वी धरला जातो.

मेनवर मर्ज झाल्यावर आधीच्या कमिटशी तुलना करू नका. मागचं बिल्ड फसलं असेल तर त्यातले बदल कायमचे सुटतात. ती सर्व्हिस शेवटची ज्या कमिटवरून यशस्वीपणे डिप्लॉय झाली, त्याच्याशी तुलना करा. त्यासाठी प्रत्येक सर्व्हिसचा एक टॅग पुढे सरकवत ठेवा.

डॉकरफाइल (सर्व्हिसची इमेज बनवायच्या सूचना) सर्व्हिसच्या फोल्डरमध्येच राहू द्या, बिल्ड मात्र रेपोच्या मुळापासून करा, कारण कॉन्टेक्स्टबाहेरची, म्हणजे बिल्डला दिलेल्या फोल्डरबाहेरची, 'लिब्स' कॉपी करता येत नाही. कॉपी करताना आपलं फोल्डर आणि लागणारी लिब एवढंच घ्या. सगळा रेपो घेतला तर पेमेंटमधल्या एका ओळीने ऑर्डरची कॅशही (आधीच्या बिल्डचे साठवलेले टप्पे) वाया जाते.

एका कमिटमध्ये दोन सर्व्हिसेस बदलल्या तरी त्या एकाच क्षणी लाइव्ह होत नाहीत. मधल्या काळात नवी ऑर्डर सर्व्हिस जुन्या पेमेंटशी बोलत असते. आधी नवं फील्ड ऐच्छिक म्हणून जोडा, वाचणारी बाजू डिप्लॉय करा, मग लिहिणारी. जुनं फील्ड सगळ्यात शेवटी काढा आणि प्रोटोबफमध्ये (संदेशांच्या आराखड्यांचा फॉरमॅट, त्यात प्रत्येक फील्डला क्रमांक असतो) त्याचा क्रमांक 'रिझर्व्ड' करून ठेवा. तोच क्रमांक पुन्हा वापरला तर जुना डेटा चुकीच्या अर्थाने वाचला जातो. अशा ॲपला सकाळी पोहे-जिलबीची गर्दी आणि रात्री सराफ्याची, म्हणून या पायऱ्या दुपारी उरकाव्यात.

कुठल्या फोल्डरचे बदल कोणी तपासायचे ते सांगणाऱ्या 'कोडओनर्स' फाइलमध्ये शेवटची जुळणारी ओळ लागू होते. तेव्हा सर्वसाधारण नियम वर लिहा आणि 'सर्व्हिसेस/पेमेंट' चा खाली.