नदीच्या मुखाशी वॉलआय गरवताना या चुका टाळा

वॉलआय हा गोड्या पाण्यातला शिकारी मासा. तो धरायचा तर बोट हवीच, असा समज अमेरिकेत ईरी सरोवराकाठी राहणाऱ्या आपल्या बऱ्याच मंडळींचा असतो. ऑक्टोबर संपत आला की हा समज खरा राहत नाही. ओहायोच्या किनाऱ्यावर ह्युरन, व्हर्मिलियन, लोरेन, क्लीव्हलँड अशी गावे ओळीने लागतात आणि प्रत्येक ठिकाणी एक नदी सरोवराला मिळते. थंडी पडू लागली की शॅड माशांची पिले थव्याथव्याने या मुखांत आणि बंदरांत शिरतात. त्यांच्या मागावर वॉलआय रात्री अगदी दगडांपर्यंत येतो. ओहायोचा विक्रमी वॉलआय, 16.19 पौंडांचा, याच सरोवरात 1999 च्या नोव्हेंबरमध्ये मिळाला.

तरीही धक्क्यावरून रिकाम्या हाताने परतणारे खूप असतात. बहुतेक वेळा मासा तिथेच असतो, चूक पाण्याकडे बघण्यात होते.

लांब फेकण्याचा अट्टहास

नवा माणूस धक्क्याच्या टोकाला उभा राहतो आणि समोर जितके लांब जाईल तितके फेकतो. दिवसा ते ठीक आहे. वॉलआयच्या डोळ्यात मागच्या बाजूला प्रकाश परावर्तित करणारा थर असतो, त्यामुळे टॉर्च पडताच त्याचे डोळे मांजरासारखे चमकतात आणि अंधारात त्याला शॅडपेक्षा कितीतरी चांगले दिसते. म्हणून सूर्य मावळला की तो खोल पाणी सोडून दगडांच्या कडेने दीड-दोन मीटर पाण्यात फिरतो. तुमचे ल्युअर, म्हणजे गळ लावलेला खोटा मासा, त्याच्या डोक्यावरून पलीकडे पडत असते.

फेक धक्क्याच्या दगडी बांधाला काटकोनात न करता बांधाच्या कडेने, तिरकी करा. ल्युअर जितका वेळ दगडांजवळून चालेल तितके चांगले. आणि शेवटचे तीन मीटर घाईने गुंडाळू नका. वॉलआय ल्युअरच्या मागे मागे येतो आणि पायाशी आल्यावर निर्णय घेतो. ल्युअर दगडापाशी आले की रॉडचे टोक हळूच बाजूला वळवा, ल्युअरची दिशा बदलू द्या, दोन-तीन सेकंद थांबा, मगच उचला. कित्येक मासे या थांबण्यातच लागतात.

नदी आणि सरोवर एकच पाणी समजणे

माझ्या मते सगळ्यात महागात पडणारी चूक ही. पाऊस पडून गेला की नदीचे तपकिरी पाणी सरोवराच्या हिरवट पाण्यात घुसते आणि दोघांमध्ये स्पष्ट रेषा दिसते. मासा त्या रेषेवर असतो, गढूळ बाजूच्या आडोशाने स्वच्छ पाण्यातले भक्ष्य टिपत. कोकणात खाडीच्या तोंडाशी जिताड्यासाठी गरवलेल्या माणसाला हे सांगावे लागणार नाही. उजेड असतानाच धक्क्यावर पोहोचा आणि रेषा कुठे आहे ते बघून ठेवा, कारण अंधारात ती दिसत नाही. सगळेच पाणी चहासारखे झाले असेल तर त्या रात्री नदीपासून थोड्या दूरच्या बांधावर जा.

दुसरी गोष्ट प्रवाहाची. सरोवराला समुद्रासारखी भरती-ओहोटी जाणवत नाही, पण ईरीला वाऱ्याची भरती-ओहोटी आहे. हे सरोवर उथळ आहे. सरासरी खोली 19 मीटरच्या आसपास, आणि पश्चिमेकडचा भाग तर सरासरी 7-8 मीटरच. नैऋत्येचा वारा दिवसभर जोरात वाहिला की पाणी पूर्व टोकाला, बफेलोच्या बाजूला ढकलले जाते आणि पश्चिम टोकाची, टोलीडोकडची पातळी उतरते. वारा पडला की तेच पाणी परत फिरते. अशा वेळी नदीच्या मुखातला प्रवाह आत वळू शकतो. संध्याकाळी बाहेर वाहणारे पाणी रात्री दहाला आत येताना दिसले तर गोंधळू नका. एखादे वाळके पान टाका, ते कुठे जाते ते बघा आणि ल्युअर प्रवाहाबरोबर येईल अशा बाजूला उभे राहा. मासा प्रवाहाला तोंड करून थांबतो, मागून येणारे खाद्य तो सहसा घेत नाही. टोलीडो, मार्बलहेड, क्लीव्हलँड, बफेलो येथील पाण्याची पातळी अमेरिकेची हवामान-सागर संस्था नोआ इंटरनेटवर फुकट दाखवते. निघण्याआधी दोन मिनिटे तिथे घालवली तर अर्धी रात्र वाचते.

ल्युअर चालतेय की नुसते ओढले जातेय?

शरद ऋतूत धक्क्यावर बारा-चौदा सेंटिमीटरचे, लांबट, ओढणे थांबवले की न बुडता, न वर येता पाण्यात अधांतरी थांबणारे ल्युअर चालते. त्याला जर्कबेट म्हणतात. रापाला कंपनीचे हस्की जर्क हे त्यातले सगळ्यांच्या परिचयाचे. याची सगळी गंमत थांबण्यात आहे, आणि तिथेच गडबड होते. पाणी जसजसे थंड होते तसतसे ते जड होते, चार अंश सेल्सिअसला सर्वांत जड. ऑक्टोबरमध्ये सावकाश बुडणारे ल्युअर डिसेंबरच्या पाण्यात जागच्या जागी थांबू शकते, आणि बरोबर थांबणारे वर येऊ लागते. म्हणून रोज पहिले काम हे: धक्क्याच्या कडेला, दिव्याखाली, ल्युअर मीटरभर पाण्यात ओढा आणि सोडा. वर येत असेल तर पोटाला शिशाची पातळ पट्टी चिकटवा किंवा पुढच्या गळाच्या दांड्याला शिशाची तार गुंडाळा. नाक किंचित खाली राहिलेले चांगले.

वेग कमीच ठेवा. पाणी दहा अंशांखाली गेले की रीलचे तीन-चार फेरे, मग थांबा. पाच अंशांच्या आसपास तो थांबा इतका लांब होतो की शेजारी उभ्या माणसाला तुम्ही झोपलात असे वाटावे. मासा घेतो तेव्हा झटका बसेलच असे नाही. ओल्या पानात अडकल्यासारखे जडपण जाणवते, एवढेच. तेवढ्यावरच रॉड मागे घ्या, पण हिसका देऊ नका. तीन काटे असलेला धारदार गळ स्वतःच रुततो.

मासे मागे येतात पण लागत नाहीत अशी शंका असेल तर रंग बदलण्याआधी गळाची टोके नखावर घासून बघा. दगडांवर आपटून ती बोथट होतात. टोक नखावरून घसरले तर गळ बदला.

लाइनचे थोडक्यात: विणलेली लाइन लांब जाते आणि चावा छान कळवते, पण पाणी धरून ठेवते आणि गोठणबिंदूच्या खाली रॉडच्या कड्यांत बर्फ साठवते. कडाक्याच्या रात्री दहा पौंड ताण सोसणारी साधी मोनो, म्हणजे एकाच धाग्याची लाइन बरी.

उजेड

डोक्यावरचा दिवा पाण्यावर फिरवू नका. गाठ बांधायची तर पाण्याकडे पाठ करा, शक्यतो लाल दिवा वापरा. बंदराचा कायमचा दिवा वेगळा. त्याच्याभोवती शॅड जमतात, आणि उजेड-अंधाराच्या कडेवर फेकलेले ल्युअर वाया जात नाही.

वसंतातली रीत शरदात आणि उलट

मार्च-एप्रिलमध्ये हाच मासा अंडी घालायला मॉमी आणि सँडस्की नद्यांत चढतो. तिथले नियम पूर्ण वेगळे आहेत. 1 मार्च ते 1 मे या काळात नदीच्या ठरवून दिलेल्या पट्ट्यात एकाच काट्याचा छोटा गळ चालतो, तीन काट्यांचा नाही. गरवायचे ते सूर्योदय ते सूर्यास्त, आणि तोंडाच्या आत न अडकलेला मासा सोडावाच लागतो. नोव्हेंबरचा ल्युअरचा डबा तसाच उचलून तिकडे नेलात तर दंड होईल. सोळा वर्षे पूर्ण झालेल्याला परवाना लागतो. ईरीच्या ओहायोच्या बाजूला सध्या दिवसाला सहा वॉलआय, प्रत्येक किमान 15 इंच, अशी मर्यादा आहे. ती बदलू शकते, म्हणून दरवर्षी नवे नियम वाचा.

लांब दांड्याची जाळी आणि पायातले काटे

धक्का पाण्यापासून बराच उंच असतो. चार किलोचा मासा लाइनने वर उचलायला गेलात की तो अर्ध्यावर सुटतो. तीन मीटर दांड्याची जाळी न्या, किंवा शेजाऱ्याला आधीच विचारून ठेवा, "जाळी धराल का?" तिथली माणसे आनंदाने धरतात.

बाकी सगळे विसरलात तरी हे विसरू नका. उत्तरेचा वारा वाढला की लाटा बांधावरून जातात, आणि डिसेंबरात उडालेले पाणी दगडावर पडताक्षणी काच होते. बुटांना काट्यांचे पट्टे लावा, लाइफ जॅकेट अंगावर घाला, एकटे टोकाला जाऊ नका. चार अंशांच्या पाण्यात काही मिनिटांतच हातपाय ऐकेनासे होतात आणि ओल्या दगडावरून स्वतःच्या बळावर वर येणे जवळपास अशक्य असते. लाट बांधावर चढताना एकदा जरी दिसली तरी सामान आवरा.

मासा मिळाला तर लगेच बर्फात ठेवा. काटे कमी, मांस पांढरे आणि घट्ट, रवा लावून तव्यावर उत्तम होतो. मोठ्या माशाच्या गालाचे मांसही काढून घ्या, बरेच लोक ते डोक्याबरोबर फेकून देतात.