नव्याने मास्टर केलेला जुना रॉक अल्बम कसा ऐकावा

पिंक फ्लॉइड या ब्रिटिश बँडचा ‘द डार्क साइड ऑफ द मून’ हा १९७३ चा अल्बम उदाहरणादाखल घेऊ. रीमास्टरिंग म्हणजे रीमिक्स, म्हणजेच वाद्यांचे वेगवेगळे आवाज नव्याने मिसळणे, नव्हे. रीमास्टरिंगमध्ये वाद्यांची मांडणी तीच राहते आणि तयार मिश्रणाचा स्वरसमतोल, पातळी व कधी खरखर एवढेच सुधारले जाते.

जुनी आणि नवी आवृत्ती ताडून पाहण्यापूर्वी दोन्हींचा आवाज कानाला सारखा वाटेल इतका जुळवून घ्यावा, कारण किंचित मोठा आवाज आपल्याला आपोआप अधिक चांगला वाटतो आणि नव्या आवृत्त्या बहुधा मोठ्याच केलेल्या असतात. ही पायरी टाळली तर पुढची सारी तुलना फोल ठरते. त्यानंतर ‘टाइम’ या गाण्याच्या आरंभीची घड्याळे ऐकावीत. ध्वनी-अभियंता अ‍ॅलन पार्सन्स यांनी ती जुन्या घड्याळांच्या दुकानात एकेक करून ध्वनिमुद्रित केली होती. ती एकदम वाजू लागतात तेव्हा प्रत्येकाचा ठोका वेगळा कळतो की सगळ्यांचा मिळून गोंगाट होतो, हे पाहावे. अल्बमच्या शेवटी विरत जाणारे हृदयाचे ठोके मंद जागांची परीक्षा घेतात.

गोव्यात ही परीक्षा पावसाळ्यात घेऊ नये, कारण फोंड्याच्या कौलारू घरात पावसापुढे ते ठोके ऐकूच येणार नाहीत. पंखाही बंद ठेवावा, घाम आला तरी चालेल. जुनी तबकडी असल्यास दमट हवेने धरलेली बुरशी आधी पुसावी, अन्यथा तिची खरखर जुन्या मास्टरिंगच्या माथी मारली जाईल.