गोल घुमटाचा तळनकाशा कंपासने असा काढा

निपाणी-चिकोडीकडच्या शाळांच्या सहली विजापूरला जातात, पोरं सज्जात टाळ्या वाजवून प्रतिध्वनी ऐकतात आणि परततात. चौकोनी दालनावर एवढा गोल घुमट बसवला कसा, हे खालून मान वर करून कळत नाही. कागदावर काढलं की कळतं.

प्रमाण 1 सेंमी = 10 फूट धरा. मुहम्मद आदिलशहाच्या (राज्यकाळ 1627–1656) या मकबऱ्याचं दालन आतून साधारण 135 फूट चौरस आहे, म्हणून 13.5 सेंमीचा चौरस आखा. कर्ण फिके ओढा. कंपासचं टोक कोपऱ्यावर, पेन्सिल कर्णांच्या छेदावर. तेवढ्याच अंतराने त्या कोपऱ्याच्या दोन्ही भिंतींवर खुणा करा. चारही कोपऱ्यांवरून हे केलं की आठ खुणा होतात, प्रत्येक जवळच्या कोपऱ्यापासून 3.95 सेंमीवर. घाईत भिंतीचे तीन सारखे भाग करून खुणा करू नका. मग मधल्या अष्टकोनाच्या बाजू सारख्या येतात, पण कोन एक मोठा, एक लहान असे निघतात.

खुणांना ओळीने 1 ते 8 अंक द्या. 1-3-5-7 जोडून एक चौरस, 2-4-6-8 जोडून दुसरा. ही प्रत्येक रेघ म्हणजे एक कमान. आठ कमानी एकमेकींना छेदत वर जातात आणि मध्ये अष्टकोन उरतो. दालनाचे कोपरेच चौरसाचे कोपरे धरले, तर कमान भिंतीतच जाते आणि सगळं फसतं.

आता मध्यावरून तीन वर्तुळं. त्रिज्या 4.85 सेंमी: दालनातून वर दिसणारं 97 फुटी तोंड. 6.2 सेंमी: घुमटाची आतली कड. या दोहोंमधली पट्टी म्हणजे तो बोलका सज्जा. 7.2 सेंमी: बाहेरची कड, कारण बुडाशी घुमट सुमारे 10 फूट जाड आहे. कंपासचा स्क्रू आधी आवळा.

खरी गंमत या शेवटच्या वर्तुळात आहे. भिंतींच्या मधोमध ते चौरसाबाहेर जाऊन भिंतीच्या जाडीवर टेकतं. कोपऱ्यांकडे मात्र खाली फक्त कमानींचं बांधकाम. घुमट बाहेर रेटतो, तर आत झुकलेल्या या बांधकामाचं वजन आत ओढतं. दोन्ही जोर एकमेकांना धरून ठेवतात, म्हणून एवढ्या दालनात मध्ये एकही खांब नाही.

राहिले चार कोपरे. तिथे बाहेरून अष्टकोनी मनोरे काढा, सात मजल्यांचे. जिने त्यांतूनच वर जातात. घुमटाच्या बुडाशी पाकळ्यांची रांग आहे, पण ती तळनकाशात काढू नका. ती दर्शनी चित्रात शोभते.