खणून आणलेल्या मातीचं शिल्प कसं करावं

विकतची माती निमूट असते, सांगाल ते ऐकते. खणून आणलेल्या मातीचं तसं नसतं. कुठला आकार पेलेल आणि कुठला नाही, हे निम्मं तीच ठरवते. म्हणून आकार पक्का करून माती शोधायला निघू नका; आधी माती आणा, तिची परीक्षा घ्या, मग शिल्पाचं बघू.

माती शोधणं

मुळं आणि पालापाचोळा असलेला वरचा थर आपल्या कामाचा नाही. त्याखालची माती हवी. ओढ्याची कापलेली कड, पायासाठी खोदलेला खड्डा, आटलेल्या तळ्याचा भेगाळलेला काठ या हमखास जागा. जागा ज्याची असेल त्याला विचारा, आणि कारखान्याच्या किंवा कचरा डेपोच्या आसपासची माती घेऊ नका. पहिल्या खेपेला अर्धी बादली पुरे. पिशवीवर जागा आणि खोली लिहून ठेवा. आठवणीत राहील असं वाटतं, पण राहत नाही.

चार परीक्षा

ओल्या मातीची पेन्सिलीएवढी वळी करून बोटाभोवती गुंडाळा. तुटली नाही तर माती चिकट आहे. तुकडे पडले तर वाळू किंवा गाळ जास्त. किती जास्त ते बरणीत कळतं: काचेच्या बरणीत एक तृतीयांश माती, वर पाणी, जोरात हलवून ठेवून द्या. वाळू मिनिटाभरात तळाशी बसते, गाळ काही तासांत, आणि चिकणमाती पाणी गढूळ ठेवत दिवसभर किंवा त्याहून जास्त वेळ तरंगत राहते.

तिसरी परीक्षा व्हिनेगरची. कोरड्या मातीवर थेंब टाकून फसफसतं का ते पाहा. फसफसलं तर चुनखडी आहे. ही परीक्षा मी एकदा टाळली होती. भट्टीतून छान निघालेल्या माझ्या घुबडाच्या गालावरून अकराव्या दिवशी टिकलीएवढी कपची उडाली. खळग्याच्या तळाशी मोहरीएवढा पांढरा ठिपका होता. चुनखडीचा खडा भट्टीत भाजून कळीचा चुना होतो, मग हवेतली ओल पिऊन फुगतो आणि वरची माती उडवतो. पीठ झालेली चुनखडी फारसा त्रास देत नाही, खडे देतात. त्यामुळे अशी माती बारीक चाळणीतून गाळायलाच हवी.

चौथी परीक्षा आकसण्याची. मातीची पट्टी थापून तिच्यावर बरोबर १० सेंमीची रेघ मारा. वाळल्यावर रेघ ९.२ सेंमी भरली तर माती ८ टक्के आकसली. १० टक्क्यांच्या पुढे गेली की भेगांची तयारी ठेवा. फुगणाऱ्या काळ्या मातीत हे फार होतं, कारण तिच्यातलं मॉन्टमोरिलोनाइट हे खनिज आपल्या थरांमध्ये पाणी साठवतं. अशी माती एकटी वापरू नका, कमी चिकट मातीत मिसळा.

गाळणं आणि मुरवणं

माती आधी खडखडीत वाळवा आणि मगच पाण्यात टाका. उलटं वाटेल, पण ओलं ढेकूळ पाण्यात दिवसेंदिवस तसंच बसून राहतं आणि कोरडं ढेकूळ बुडबुडे सोडत डोळ्यांदेखत विरतं. दोन दिवसांनी ढवळा, जड वाळू खाली बसू द्या, वरचा घोळ ६० किंवा ८० मेशच्या, म्हणजे एका इंचात तेवढी भोकं असलेल्या चाळणीतून गाळा. निवळलेलं पाणी ओतून टाका आणि उरलेला गारा जुन्या चादरीत बांधून टांगा. कणकेएवढा घट्ट झाला की मळा आणि प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून निदान दोन आठवडे मुरू द्या. वास येईल. येऊ द्या.

शिल्पासाठी या मातीत २० ते ३० टक्के ग्रॉग मिसळा, म्हणजे भाजलेल्या मातीचा चुरा. फुटक्या कुंड्या कुटून घरी होतो. तो एकदा भाजलेला असल्यामुळे पुन्हा आकसत नाही आणि आतली ओल बाहेर पडायला वाट ठेवतो. कुटताना मास्क लावा, ही धूळ फुप्फुसांना वाईट. सांडलेलं झाडू नका, ओल्या फडक्यानं पुसा.

घडवणं

भिंत एक ते दीड सेंटीमीटरची ठेवा. मला आधी भरीव घडवायला आवडतं. माती चामड्यासारखी कडक झाली की तारेनं शिल्पाचे दोन भाग करते, चमच्यानं आतून कोरते, दोन्ही कडांवर उभे-आडवे ओरखडे काढून त्याच मातीचा घोळ लावते आणि घट्ट दाबते. घोळ त्याच मातीचा हवा, कारण दुसरी माती वेगळ्या मापानं आकसते आणि सांधा उघडतो. तळाला एक भोक विसरू नका. पातळ कान, चोच, बोटं आधी वाळतात, त्यांच्यावर प्लॅस्टिक टाका. शिल्प वाळलं का, हे गालाला लावून पाहा. गार लागलं तर आत पाणी आहे.

भाजणं

आधी चाचणीची पट्टी भाजा, तीही जुन्या भाजक्या बशीत ठेवून. लोह जास्त असलेल्या पुष्कळ माती ९०० ते १०५० अंश सेल्सिअसला छान लाल होतात, पण ११०० च्या पुढे फुगू किंवा वितळू शकतात, आणि मग भट्टीची फळी जाते. सुरुवातीचे काही तास तापमान १०० अंशांच्या आत ठेवा. उरलेल्या पाण्याची वाफ कोंडली की शिल्प फुटतं. ५७३ अंशांजवळ मातीतला क्वार्ट्‌झ, म्हणजे गारगोटीचं खनिज, आकार बदलतो, तिथे चढताना आणि उतरताना घाई करू नका.

भट्टी नसेल तर उघड्यावर, झाडं-घरांपासून दूर, खड्ड्यात लाकूड आणि भुसा घालून भाजता येतं. भुशात हवा कमी पडते तिथे काळे डाग उमटतात, मला तर ते आवडतात. चेक प्रजासत्ताकात डोल्नी व्हेस्टोनित्से इथे १९२५ साली सापडलेली सुमारे ११ सेंमीची स्त्रीमूर्ती तिथल्याच मातीची आहे. २५ हजारांहून अधिक वर्षांपूर्वी, आजच्या भट्टीपेक्षा बऱ्याच कमी आंचेवर ती भाजली गेली.

खड्ड्यातलं काम ठिसूळ राहतं आणि पाणी झिरपवतं, त्यामुळे ते पावसात ठेवू नका. आणि भट्टीतलं असो वा खड्ड्यातलं, शिल्प कुणाला द्यायचं असेल तर आधी तीन आठवडे स्वतःच्या फळीवर ठेवा. चुन्याचा खडा राहिला असेल तर बहुधा तेवढ्यात कळतं.