पुदिना लावताय? ऑक्टोबर जाऊ द्या, आणि पुदिना जाणार कुठे ते आधी ठरवा

मंडळी, मुंबईतून पाऊस जायची सरासरी तारीख ८ ऑक्टोबर, आणि तो गेला की सगळ्यांना कुंड्या भरायची घाई होते. पुदिन्याच्या बाबतीत मात्र थोडं थांबा. ऑक्टोबरमध्ये पारा ३४-३५ च्या वर जातो, हवा दमट, आणि नुकतीच मुळं फुटलेली काडी त्या उन्हात दोन दिवसात करपते. माझा आख्खा टब असा गेलाय, पश्चिमेची गॅलरी, दुपारी दोन ते पाच नुसतं ऊन, संध्याकाळी घरी आले तर पानं हातात चुरा होत होती. आता मी ऑक्टोबरच्या शेवटी काड्या पाण्यात घालते आणि पहाटे जरा गारवा वाटायला लागला की मातीत लावते, म्हणजे साधारण नोव्हेंबरचा पहिला-दुसरा आठवडा.

लावायच्या आधी एक गोष्ट ठरवा, हा पुदिना जाणार कुठे? कारण मुंबईत तो एका कामाचा नाहीच. सँडविचवाल्याच्या हिरव्या चटणीला कोवळे शेंडे लागतात, पाणीपुरीच्या पाण्याला उग्र वास लागतो, बिर्याणीच्या थरात भरदार पान लागतं, पारशी घरात गवती चहासोबत फुदिना टाकून चहा उकळतात, पात्रानी मच्छीच्या चटणीत पण तो असतो, उन्हाळ्यात ताकात आणि जलजिऱ्यात सुकवलेला चालतो, आणि पोट फुगलं की आपल्या घरी ओवा-पुदिन्याचा काढा आहेच. प्रत्येकाला हवं ते पान वेगळं, म्हणून तोडणी पण वेगळी, ती पुढे सांगते.

रोप विकत आणायची गरज नाही. बाजारातून ताजी जुडी आणा, त्यातल्या जाडसर काड्या निवडा, खालची पानं काढून दोन-तीन पेरं पाण्यात बुडतील अशा ग्लासात ठेवा, पाणी दर दोन दिवसांनी बदला. आठ-दहा दिवसात पांढरी मुळं दिसतात. नर्सरीत कधीकधी दुसराच पुदिना मिळतो, पान चुरगळलं की बामसारखा वास येतो, तो चटणीला घेऊ नका. आपल्या जुडीतल्या पुदिन्याचा वास कार्व्होन नावाच्या द्रव्याचा, त्या दुसऱ्याचा मेंथॉलचा. मेंथॉलवाला पुदिना उत्तर प्रदेशात बाराबंकी, संभल, रामपूरकडे शेतंच्या शेतं लावतात, त्याचं तेल काढतात आणि गंमत म्हणजे त्या तेलाचे वायदे आपल्या अंधेरीतल्या एमसीएक्स या वायदेबाजारात चालतात. १८९३ साली मुंबईत सुरू झालेल्या अमृतांजनमध्ये जो झोंबरा गारवा आहे तोही मेंथॉलचाच. आपल्या नसांना थंडी जिथून कळते ती जागाच मेंथॉल चाळवतं, म्हणून नुसतं गार वाटतं, अंगाचं तापमान काही उतरत नाही. आणि घरात तान्हं बाळ असेल तर हे वाचाच, बाम किंवा पुदिन्याचं फूल (म्हणजे मेंथॉलचे खडे) बाळाच्या नाकाजवळ, छातीवर अजिबात लावू नका, लहान बाळांचा श्वास अडकू शकतो.

कुंडी खोल नको, पसरट हवी. सहा-आठ इंच खोलीचा टब घ्या, तळाला भोकं भरपूर. मुंबईत मिळणारी लाल माती एकटी वापरली तर विटेसारखी घट्ट होते, म्हणून दोन भाग माती, एक भाग गांडूळखत, एक भाग कोकोपीट. सकाळचं तीन-चार तास ऊन बास झालं, पूर्वेची खिडकी असेल तर सोन्याहून पिवळं. मिरची किंवा कढीपत्त्याच्या कुंडीत पुदिना लावू नका, तो जमिनीखालून धावतो आणि दुसऱ्याची जागा खातो. थंडीत दिवस लहान असतात तेव्हा तो उभा कमी आणि आडवा जास्त पसरतो, तो आजार नाही, वाढू द्या. कुंडीखालच्या ताटलीत पाणी साठवू नका प्लीज, डेंग्यूचा डास असल्याच स्वच्छ साठलेल्या पाण्यात अंडी घालतो, आठवड्यातून एकदा ताटली घासून कोरडी करा. आणि पुदिन्याची कुंडी ठेवली की डास पळतात हे मनातून काढा, नुसत्या कुंडीने ते जात नाहीत.

आता जे मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते, आणि हे गॅलरीवाल्यांपेक्षा वसई, पालघर, कल्याण, पनवेलकडे वाफे करून जुड्या विकणाऱ्यांसाठी जास्त आहे. पालक आपण शिजवतो, मेथी शिजवतो, पुदिना मात्र बहुतेक वेळा कच्चाच पोटात जातो. चटणी कच्ची, पाणीपुरीचं पाणी कच्चं, कोशिंबीर कच्ची. म्हणजे वाफ्याला जे पाणी दिलं ते जवळजवळ तसंच कुणाच्या तरी लेकराच्या ताटात पोचतं. नाल्याचं पाणी उपसून वाढवलेली पालेभाजी लोकलमधून आपण सगळ्यांनीच बघितलीय, हिरवीगार दिसते, पण त्यात सांडपाण्यातले जंतू असतात आणि कारखान्याचं पाणी मिसळलं असेल तर जड धातू, जे कितीही धुतलं तरी पानातून निघत नाहीत. मी एकदा आणलेल्या जुडीला घरी आल्यावर गटाराचा वास आला, चार पाण्यात धुऊनही जाईना, शेवटी टाकून दिली. ज्यांच्याकडे विहीर, बोअर आहे त्यांनी ते पाणी पुदिन्याला राखून ठेवा, पालक-माठानंतर नाही, आधी. पाणी मुळाशी द्या, पानावर चिखल उडू देऊ नका, आणि तोडलेली जुडी ओहोळात बुचकळून ताजी दाखवायची सवय असेल तर ती आजच सोडा.

औषधाचं पण तसंच. मावा, पांढरी माशी आली तर आधी पाण्याच्या जोरदार फवाऱ्याने पाडा, मग लिटरला ५ मिली कडुनिंबाचं तेल आणि साबणाचे दोन-चार थेंब, संध्याकाळी मारा, आणि मारल्यावर निदान आठवडाभर तोडू नका. रासायनिक औषध मारलंच तर डब्यावर तोडणीआधी थांबायचे दिवस लिहिलेले असतात ते पाळा. पानाखाली नारिंगी ठिपके दिसले तर तांबेरा, तिथे औषध शोधत बसू नका, जमिनीलगत छाटा आणि छाटलेलं खतात न टाकता फेकून द्या.

तोडणी. चटणीसाठी वरचे चार-सहा इंच कोवळे शेंडे, सकाळी ऊन चढायच्या आत, आणि मातीपासून दोन इंच खोड राखून, म्हणजे पुन्हा फुटतो. जाड दांडे चटणीत गेले की कडू लागतं. बिर्याणीसाठी जरा वाढू द्या, पान भरू द्या. सुकवायचा असेल तर कळी दिसायला लागली की कापा, तेव्हा पानात तेल चांगलं असतं, आणि सावलीत वाळवा, उन्हात वास उडतो. युरिया टाकून झटपट वाढवलेल्या पुदिन्याला पानं खूप येतात, सुगंध मात्र पातळ होतो. जुडी ओल्या फडक्यात किंवा ओलसर गोणपाटात गुंडाळा, दाबू नका, पान चेंबलं की तिथेच काळं पडतं.

विकणाऱ्यांसाठी एक हिशोब. २०२६ आणि २०२७ दोन्ही वर्षी रमजान फेब्रुवारीत सुरू होतो, मोहम्मद अली रोडपासून मुंब्रा, मीरा रोडपर्यंत महिनाभर कबाबसोबत चटणी लागते, बिर्याणी लागते. नोव्हेंबरच्या सुरुवातीला लावलेला पुदिना पहिल्या कापणीला डिसेंबरअखेर येतो, जानेवारीच्या मध्यावर हलका कापून शेणखत द्या, म्हणजे बरोबर रमजानात पुन्हा भरून येईल. सगळा वाफा एका दिवशी कापू नका, तीन भाग करा आणि आठ-दहा दिवसांच्या अंतराने कापा.